कंदीलपुष्पाची दुसरी चिठ्ठी

सोमवारी सकाळी वसतिगृहाच्या खोलीत चहा गाळताना तन्मयी शेडबाळेला आपल्या मैत्रिणीची इतकी आठवण आली, की गाळणं हातात तसंच राहिलं आणि निम्मा चहा ओट्यावर गेला. मैत्रीण वेणीत पेन्सिल खोचायची. हसण्याआधी नाक आक्रसायची. सडा, म्हणजे डोंगरावरचं कातळी पठार, चढताना सगळ्यांच्या पुढे आणि उतरताना सगळ्यांच्या मागे, कारण उताराची तिला भारी भीती. तन्मयीचे डोळे भरून आले. अडचण एवढीच होती, की या मैत्रिणीला ती जन्मात कधी भेटली नव्हती.

दोष तिचा नव्हता. आदल्या शनिवारी तिने वनस्पतिशास्त्राची चव घेतली होती.

२०४७ सालच्या जूनमध्ये वारणाकाठ विद्यापीठात आलेल्या कुणालाही 'चव' म्हणजे काय ते सांगावं लागत नव्हतं. फाटकावर पाटी होती 'पूर्वानुभव केंद्र', पण पोरं त्याला चवकट्टा म्हणायची. पूर्वीची मुलं विषय कसा निवडायची? मामाचा मुलगा काय करतो ते बघून, गुणांची यादी बघून, नाहीतर मैत्रीण जिकडे जाईल तिकडे. मग वर्षभराने कपाळाला हात. चवकट्ट्याने हा सगळा घोळ संपवला, असं विद्यापीठाचं म्हणणं होतं.

माणसाची आठवण ही मेंदूत ठेवलेली चित्रफीत नसते. मेंदू फक्त खुणा जपतो: एखादा वास, हाताची एखादी सवय, पोटात पडलेला खड्डा. आठवताना दर वेळी त्या खुणांमधून तो सगळं चित्र नव्याने विणून काढतो. शास्त्रज्ञांनी या खुणा टिपायची युक्ती शोधली. जुन्या विद्यार्थ्याला टोप घालून बसवायचं, कॉलेजचे दिवस आठवायला सांगायचं आणि आठवताना मेंदूतल्या पेशी कोणत्या क्रमाने जाग्या होतात ते नोंदवायचं. मग नवख्या मुलाला अर्धवट झोपवून तोच क्रम त्याच्या मेंदूत हलक्या चुंबकी ठोक्यांनी वाजवायचा. चाळीस मिनिटांत तीन वर्षांच्या खुणा आत. विणकाम ज्याचा त्याचा मेंदू करतो. ओळखीच्या भिंती घालतो, ओळखीचे चेहरे चिकटवतो. देणाऱ्याचं नाव, गावं, चेहरे कायद्याने गाळलेले असतात. राहतो तो नुसता अनुभव.

अशी आठवण पहिला आठवडाभर ओल्या मातीच्या भांड्यासारखी कच्ची असते. म्हणून प्रत्येकाने तीन चवी घ्यायच्या, सात दिवस त्या घेऊन हिंडायचं आणि आठव्या दिवशी निवड करायची. निवडलेल्या विषयाची आठवण पक्की होऊ द्यायची, बाकीच्या दोन गोळी घेऊन विरघळवून टाकायच्या. पहिल्या वर्षी गोळीचा नियम नव्हता. तेव्हा मुलं आपण न पाहिलेल्या तीन-तीन कॉलेजांच्या आठवणीने झुरायला लागली आणि ज्या कॉलेजात होती तिथे त्यांचं मन लागेना.

"हुरहुर किती?" समुपदेशक देवलेकर मॅडमनी विचारलं. त्या दिवसभर हाच प्रश्न विचारत, त्यामुळे भाजीचा भाव विचारावा तसा त्यांचा सूर झाला होता. "दहापैकी."

"स्थापत्यशास्त्राची तीन. विदाशास्त्राची पाच," तन्मयी म्हणाली. "वनस्पतिशास्त्राची... दहा. म्हणजे दहाच्याही वर."

"झालं तर मग! ज्याची हुरहुर जास्त, तो विषय आपला. विचार कसला करतेस?"

तन्मयीने समोरच्या तक्त्याकडे पाहिलं. एकवीस विषय, प्रत्येकापुढे उपलब्ध चवींची संख्या. शेवटच्या ओळीत 'नदीविज्ञान', आणि पुढे रेघ.

"हे काय आहे?"

"ते याच वर्षी सुरू होतंय. अजून कुणी शिकलेलंच नाही, तर आठवण कुठून आणणार? दोन अर्ज आलेत." मॅडमनी आवाज खाली आणला. "चव नसलेला विषय कोण घेईल गं? आंधळ्यासारखी उडी मारायची का?"

संध्याकाळी इचलकरंजीहून पप्पांचा फोन आला. मागे यंत्रमागांची खडखड चालूच होती. तन्मयीच्या जन्माआधीपासून ती कधी थांबली नव्हती.

"काय ठरलं का न्हाई?"

"पप्पा, मला एक सांगा, तुम्हाला कुणाची अशी आठवण येते का, की काही सुचतच नाही?"

"मला? मला पुलावरनं जाताना तुझी येती की. वही घेऊन बसायचीस न्हवं रेलिंगला टेकून? आज पाणी निळं, आज पाणी लाल. पाच वर्षं लिवलीस. ती वही हाय अजून, माळ्यावर टाकलीया." मग घसा साफ करून म्हणाले, "ते विदा का काय, कॉम्प्युटरातल्या आकड्यांचं, त्यात नोकरी लगेच मिळती म्हणत्यात. तुझं तू बघ."

पण तन्मयीच्या डोक्यात वही नव्हती, वेणीतली पेन्सिल होती. मंगळवारी तिने मेसच्या बाहेर रद्दी बांधून ठेवलेली पाहिली. जुन्या, ओल लागलेल्या वर्तमानपत्रांचा वास नाकात गेला आणि तिच्या पोटात एकदम खड्डा पडला. हा नुसता विरह नव्हता. त्या मैत्रिणीच्या बाबतीत आपण काहीतरी वाईट केलंय, या जाणिवेने ती कट्ट्यावर बसूनच राहिली. बसल्या बसल्या सगळं एकेक करून वर आलं.

दोघींनी एका शनिवारी सड्यावर कंदीलपुष्प शोधलं होतं. बोटभर लांबीच्या, कंदिलासारख्या फुगीर फुलाचा नाजूक वेल, फार दुर्मिळ. सापडला मैत्रिणीला. दोन फांद्या घेतल्या, वर्तमानपत्रात दाबल्या. रविवारी दुसऱ्याच जागी गेल्या, तिथले वेल आणले. रोज कागद बदलायचे, नाहीतर बुरशी धरते. त्या कागद बदलण्याच्या गडबडीत गठ्ठ्यांची अदलाबदल झाली आणि लेबल लिहिताना कंदीलपुष्पावर रविवारची जागा पडली. लेबल लिहिणारा हात हाच होता. तन्मयीने आपल्या हाताकडे पाहिलं.

पुढे विभागाचे सर बाहेरगावच्या पाहुण्यांना घेऊन त्या जागी गेले. दोन दिवस हिंडले, हाती काही नाही. परत आल्यावर मैत्रिणीला उभं केलं. ती म्हणाली, सर, ते तिथलं नव्हेच, शनिवारच्या सड्यावरचं आहे. सर म्हणाले, आता जागा बदलतेस? कुणाच्या बागेतनं उचलून आणलंस ते सांग. आणि मग सर हिच्याकडे, आठवण जिची होती तिच्याकडे, वळले. तू होतीस ना बरोबर? कुठे सापडलं?

हिने खाली बघत सांगितलं होतं, "मला नीट आठवत नाही, सर."

एवढं एक वाक्य. शिष्यवृत्तीची शिफारस सरांच्या हातात होती, चुकीचं लेबल हिच्या हातचं होतं, आणि मैत्रीण अवाक् होऊन हिच्याकडे बघत होती. पुढच्या वर्षी मैत्रीण आली नाही. सड्यावर जांभ्या दगडाची खाण सुरू झाली आणि ते कंदीलपुष्प पुन्हा दाखवायची सोयच राहिली नाही.

तन्मयीला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

बुधवारी ती वनस्पतिशास्त्र विभागात गेली. पायऱ्या किती, उंबरा कुठे, डाव्या हाताचं दार कसं अडकतं हे सगळं पायांना ठाऊक होतं. मागच्या खोलीत विभागाचं हर्बेरियम होतं: कपाटांच्या रांगा, आत कागदावर चिकटवलेल्या हजारो वाळलेल्या वनस्पती आणि डांबरगोळ्यांचा वास. ते सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे घाटगेमामा म्हणत. पंचवीस वर्षं याच खोलीत काढल्यामुळे त्यांचा स्वतःचाही रंग जुन्या कागदासारखा झाला होता.

"मामा, कंदीलपुष्पाचा जुना नमुना बघायचाय. धनगरमाळाची नोंद असेल." जागेचं नाव गाळलेलं असूनही तोंडातून कसं आलं ते तिला कळलं नाही. मग दिसलं की ते समोरच्या नकाशावर लिहिलेलं होतं, आणि पठाराचा आकार तिच्या ओळखीचा होता. त्याच्या शेजारच्या आकारावर लिहिलं होतं 'वाघजाईचा सडा'. शनिवारची जागा ती.

मामांनी शीट काढून टेबलावर ठेवली. वेल तपकिरी झाला होता, फुलाचा कंदील मात्र अजून ओळखू येत होता. लेबलावर ठसठशीत अक्षरात: 'स्थळ: धनगरमाळ. संकलन: सुवर्णा पोवार, वृषाली मगदूम.' बाजूला लाल शाईत कुणीतरी लिहिलं होतं, 'नोंद संशयास्पद.'

"मगदूम मॅडम म्हणजे आपल्या विभागप्रमुख होत्या की," मामा म्हणाले. "दोन वर्षांमागं गेल्या. जायच्या आधी चवकट्ट्यावर जाऊन आठवण देऊन आल्या. मी म्हटलं, मॅडम, तब्येत बरी नाही, कशाला दगदग? म्हणाल्या, एक काम राहिलंय."

तन्मयीने लेबल पुन्हा वाचलं. देणाऱ्याला नको असलेली आठवण वगळता येते, हे केंद्राच्या पत्रकावरच छापलेलं असतं. वृषाली मगदूमने ती वगळली नव्हती. तीन वर्षांतली एवढ्या गोड आठवणींची पंगत मांडली आणि ताटात हाही घास वाढून ठेवला.

"मामा, शेवटचं कपाट. खालचा खण, अगदी मागे." दुसरी फांदी कुठे लपवली तेही हाताला ठाऊक होतं.

"तिथं काय असणार? पानं दाबायची रिकामी पुठ्ठ्याची दाबणी." पण मामा एकदम थबकले. "मॅडम रोज जाताना त्या कपाटापाशी जाऊन यायच्या. उघडायच्या नाहीत. मला वाटायचं, कुलूप बघतात."

दाबणीच्या मागे पिवळं वर्तमानपत्र होतं. उघडलं तर आत कंदीलपुष्पाची दुसरी फांदी, आणि कागदाच्या कडेला पेन्सिलीने घाईघाईत लिहिलेलं: 'वाघजाईचा सडा, शनिवार. सु. ला सापडलं. सु. आज उतारावर बसून बसून आली!' वर छापलेली तारीख त्याच शनिवारची होती.

मामांनी ती फांदी शीटच्या शेजारी ठेवली. मग लाल शाईकडे बोट करून तन्मयीने विचारलं, "हे खोडता येईल?"

"खोडायचं नाही. हर्बेरियमची रीत आहे ती," मामा म्हणाले. "जुनं लेबल कितीही चुकीचं असू दे, त्याला हात लावायचा नाही. शेजारी दुसरी चिठ्ठी लावायची. बरोबर काय ते लिहायचं, पुरावा लिहायचा, खाली नाव आणि तारीख. चूकही राहते, दुरुस्तीही राहते."

सुवर्णा पोवारचा पत्ता मिळायला मामांचा एक फोन पुरला. मलकापूरच्या पुढे, आंबा घाटाच्या रस्त्याला तिची रोपवाटिका होती आणि विद्यापीठाच्या बागेतली निम्मी झाडं तिथूनच आलेली होती. वृषाली मगदूम तीस वर्षं त्या झाडांखालून ये-जा करत होती.

गुरुवारी दुपारी तन्मयी एसटीतून उतरली तेव्हा साठीची एक बाई पिशव्यांत माती भरत बसली होती. चेहरा अजिबात ओळखीचा नव्हता. तन्मयीच्या मेंदूने त्या मैत्रिणीला तिच्या शाळेतल्या एका मुलीचा चेहरा चिकटवला होता. पण बाईच्या पांढऱ्या अंबाड्यात पेन्सिल खोचलेली होती.

"काय पाहिजे? हापूस संपला," बाई म्हणाली.

तन्मयीने वाटेत दहा वाक्यं घोकली होती. त्यातलं एकही आलं नाही. "तुम्हाला अजून उतार उतरायची भीती वाटते का?" एवढंच ती बोलली आणि रडायला लागली.

बाईने मातीचे हात पदराला पुसले, तिला सावलीत नेऊन बसवलं, पुढ्यात फणसाचे गरे ठेवले आणि सगळं ऐकून घेतलं. गोष्ट सरांच्या प्रश्नापाशी आली तेव्हा तिने हात वर केला.

"थांब. एकच सांग मला." तिने गऱ्यांचं ताट बाजूला सारलं. "मी बोलणी खाल्ली, शिक्षण सुटलं, ते सगळं झालं गेलं. लगीन झालं, पोरं झाली, रोपं झाली. पण चाळीस वर्षं मी एकच विचार करत आलो. तिला खरंच आठवत नव्हतं? दुसऱ्याच दिवशी परीक्षा होती, ती घाबरलेली होती, म्हटलं असंल. एखाद्याला न्हाई आठवत." जुन्या कोल्हापूरकडच्या बाया बोलतात तशी ती 'आलो, गेलो' म्हणत होती. "सांग की. तू तिच्या डोक्यात जाऊन आलीयास. आठवत होतं का न्हाई?"

खोटं बोलणं सोपं होतं. समोरच्या बाईला तेच हवं असेल, असंही तन्मयीला क्षणभर वाटलं. पण 'आठवत नाही' हे एकदा बोलून झालेलं होतं आणि त्याचं काय झालं ते तिला ठाऊक होतं.

"आठवत होतं," ती म्हणाली. "सगळं. तुम्ही बसून बसून उतरलात तेसुद्धा."

सुवर्णाबाईंनी मान खाली घातली. कितीतरी वेळ मातीतली मुळी बोटांनी सोडवत राहिल्या.

"आणि मी इथं येईपर्यंत मला वाटत होतं, की ही हुरहुर कॉलेजची आहे," तन्मयी म्हणाली. "तसं नाहीये. त्या आठवणीत कॉलेज थोडंच आहे. वर्ग नाहीत, परीक्षा नाहीत. तुम्हीच आहात. सगळीकडे तुम्ही आहात. ती रोज तुमची आठवण काढायची, मावशी. मला माहीत आहे, मला सहा दिवस तसंच होतंय."

त्या बाईने मग हसण्याआधी नाक आक्रसलं, पण हसू आलं नाही, रडूच आलं. "यडी," त्या म्हणाल्या. "एक एसटी होती मधी. तासाभराची."

चहा झाल्यावर त्यांनी विचारलं, "मग आता तू बॉटनी घेणार?"

"घेतली तर तुम्ही राहता. नाही घेतली तर रविवारी सकाळी गोळी. मग वेणीतली पेन्सिल, सडा, सगळं जाणार. मला नाही जाऊ द्यायचं." चोरीला जाणारं सामान धरून ठेवावं तशी ती हाताची मूठ वळून बसली होती.

"ते दिवस आमचे होते गं. चांगले होते. पण एका माणसाच्या आठवणीपायी तू तीन वर्षं पानं दाबत बसणार व्हय? तुझं सोताचं काय हाय?"

तन्मयीने वळलेली मूठ सोडली. मग पुलावरच्या वहीचं सांगितलं. रोजचा पाण्याचा रंग, कुठल्या वारी फेस यायचा, कुठल्या वर्षी मासे दिसेनासे झाले. सांगता सांगता ती अर्धा तास बोलली आणि तिचं तिलाच नवल वाटलं.

"हे कुणाची चव घेऊन बोललीस?" सुवर्णामावशींनी विचारलं.

"कुणाचीच नाही."

"मग?"

शुक्रवारी दोघी विभागात आल्या. सुवर्णामावशींनी चाळीस वर्षांत पहिल्यांदा ते फाटक ओलांडलं. लाल शाई पाहून त्यांनी नजर वळवली, पण फुलाचा कंदील दिसल्यावर त्या वाकून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बघ, कसा टिकलाय." घाटगेमामांनी कोरी चिठ्ठी पुढे ठेवली. तन्मयीने लिहिलं: 'मूळ स्थळ: वाघजाईचा सडा. धनगरमाळ ही नोंद लेबल लिहिताना झालेली चूक. शोध: सुवर्णा पोवार. पुरावा: सोबतची दुसरी फांदी व वर्तमानपत्र.'

"खाली नाव. ज्याने चूक दाखवली त्याचं," मामा म्हणाले.

तन्मयीने पेन मावशींपुढे धरलं. त्यांनी ते परत तिच्या हातात दिलं.

"वृषाली मगदूम लिव," त्या म्हणाल्या. "दाखवली तिनंच. उशीर केला, पण दाखवली."

शनिवारी देवलेकर मॅडमनी अर्ज दोनदा वाचला. "नदीविज्ञान? अगं, हुरहुर शून्य असलेला विषय!"

"हो मॅडम. ती आम्हालाच तयार करावी लागणार," तन्मयी म्हणाली. आता अर्ज तीन झाले होते.

रविवारी सकाळी तिने गोळी घेतली. दुखलं-खुपलं काही नाही. दुपारपर्यंत विभागाच्या पायऱ्या पायांना परक्या झाल्या. सड्यावर वेणीवाली कुणी मुलगी होती हे तिला माहिती म्हणून ठाऊक राहिलं, पण डोळे मिटले की तिथे कुणी येईना. घरातलं एखादं माणूस गावाला गेल्यावर खोली मोठी वाटते, तसं वाटत राहिलं. चार वाजता तिने मलकापूरला फोन लावला.

सुवर्णामावशींनीच उचलला. "काय गं, गेलो का मी?"

"गेलात, मावशी. वेणीवाली गेली."

"जाऊं दे." आवाज जरा बारीक झाला होता. "जायचीच हुती."

"पण अंबाड्यात पेन्सिल खोचणारी आहे. फणसाचे गरे देणारी. तिची आठवण सकाळपासून येतेय," तन्मयी म्हणाली. "आणि ही माझीच आहे, कुणी दिलेली नाही."

मग नाक ओढल्याचा आवाज आला.

"मग ये की रविवारी. एसटी तासाभराची तर हाय."